प्रश्नपत्रिका कानाने तपासताना

आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या वर्गात एक मुलगी आली. तिला उजेड-अंधार कळतो, अक्षरं दिसत नाहीत. तिला ब्रेल येत होतं, मला नव्हतं. आणि सगळ्या विषयांची ब्रेल पुस्तकंही हाताशी नव्हती. फिरत्या विशेष शिक्षकांनी शाळेच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, टाकून दिला. तो मोफत आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतो आणि त्यातला ईस्पीकचा आवाज मराठी वाचतो. आवाज अगदीच कोरडा. मला ऐकवेना, ती मात्र वेग वाढवा म्हणाली.

मग मी घटक चाचणीची फाइल उघडली आणि यंत्राने इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं एकापुढे एक ओकायला सुरुवात केली. "बाई, हा काय बरळतोय?" वर्ग खो-खो हसला. पडद्यावर तर स्वच्छ मराठी दिसत होतं!

कारण विशेष शिक्षकांनी सांगितलं. आपले जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवतात. डोळ्याला 'क' दिसतो, पण फाइलमध्ये भलतंच अक्षर साठवलेलं असतं आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे तिथे 'क' हा 'क'च असतो. गंमत म्हणजे टाइपरायटरच्या पद्धतीवर बसलेला हात बदलावा लागत नाही, त्याच मांडणीचे युनिकोड कळफलक मिळतात. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत. ते डोळ्यांनी पटकन सापडत नाहीत. म्हणून आता प्रश्नपत्रिका आधी ऐकते, मग छापते.

पुढे लक्षात आलं की नुसतं युनिकोड पुरत नाही. शीर्षक ठळक आणि मोठं केलं तरी यंत्राला ते साधं वाक्यच वाटतं. वर्डमध्ये 'हेडिंग' शैली दिली तरच ती मुलगी कळफलकावरचं एच दाबून एका प्रश्नावरून पुढच्या प्रश्नावर उडी मारू शकते. पुस्तकाच्या पानाचा फोटो म्हणजे तिच्यासाठी कोरं पान, त्यातला मजकूर आधी गुगल लेन्सने काढून घ्यावा लागतो.

खरा घोळ चित्रांचा. चित्राला वर्णन जोडता येतं, पण काय लिहायचं? नकाशा दाखवून 'गोदावरी कोणत्या दिशेला वाहते?' असं विचारलं आणि वर्णनात 'नाशिककडून पूर्वेकडे जाणारी रेषा' लिहिलं, तर उत्तर फुटलंच की. शेवटी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नदी केली. नकाशापुरती तरी सुतळी संगणकापेक्षा सरस ठरली, हे मी कुठेही ठासून सांगेन.

त्याच वर्गात कमी ऐकू येणारा एक मुलगा आहे. त्याच्यासाठी फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब लावलं, ते बोललेलं मराठी लगेच पडद्यावर उमटवतं. पण फोन त्याच्या बाकावर ठेवला तर शेजारच्या वर्गातले पाढेही माझ्या इतिहासात येऊन बसत. फोन माझ्या तोंडाजवळ धरला की बरं चालतं, पण मग तो पडदा कसा बघणार? आता फोन टेबलावर असतो आणि तो पहिल्या बाकावर. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची माझी सवयही त्यामुळे सुटली.

अडखळत वाचणारी दोन-तीन मुलं आता आपणहून हेडफोन मागतात. धडा कानावर पडत असताना ओळीवर बोट फिरवलं की त्यांची गाडी अडत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही येते. या मुलांची तपासणी अजून व्हायची आहे. हेडफोन द्यायला मात्र प्रमाणपत्र लागत नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी सहकाऱ्यांच्याच प्रश्नपत्रिका प्रोजेक्टर बंद ठेवून नुसत्या ऐकवल्या. आधी हशा पिकला, मग कन्व्हर्टरचा पत्ता विचारायला रांग लागली.

गणित अजून अडलेलंच आहे. वर-खाली मांडलेला अपूर्णांक यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून 'तीन छेद चार' असं अक्षरांत लिहिते. पदावली लांबली की तेही कोलमडतं, मग मीच वाचून दाखवते. आकडेमोड तिला स्वतःच्या हाताने मांडता यावी म्हणून विशेष शिक्षकांकडे टेलर फ्रेम, म्हणजे भोकांत खिळे बसवून गणित मांडायची पाटी, मागितली आहे.