अकरावीची भूगोलाची वही, एक लाल गोल आणि आमचे सात आठवडे : माझा अनुभव

माझी लेक गेल्या वर्षी अकरावी आर्ट्सला होती, भूगोल घेऊन. डिसेंबरात सरांनी प्रकल्प दिला, पृथ्वीची कक्षा, भरती-ओहोटी, पृथ्वीचं अंतरंग आणि भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या थराचे सरकणारे मोठे तुकडे) असे चार भाग. वहीवर सही झाल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसता येणार नव्हतं. तीन भाग दहा दिवसांत उरकले आणि अंतरंगाच्या एका पानाने आमचे सात आठवडे खाल्ले. अजून ते पान आठवलं की डोकं तापतं. दुसऱ्या कुणाचं पोर तिथेच अडकू नये म्हणून लिहितेय.

कक्षेचं पटकन झालं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४.७ कोटी किमी, आणि ऐन पावसात, जुलैच्या सुरुवातीला, सगळ्यात लांब, १५.२ कोटी. लेक म्हणाली, अगं आई, मग थंडी जानेवारीत कशी? कारण ऋतू आस २३.५ अंश कललेला आहे म्हणून होतात, अंतरामुळे नाही. जवळ असताना पृथ्वी जोरात पळते हा केप्लरचा नियम आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजून बघितला, २१ मार्च ते २३ सप्टेंबर १८६ दिवस आणि तिथून परत २१ मार्चपर्यंत १७९च. हे वहीत जरूर घाला, सरांना फार आवडलं.

भरती-ओहोटीला आमच्या घरात पुस्तक लागत नाही, सासरे आयुष्यभर हर्णैच्या बंदरात. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे, आणि नऊच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पुस्तक म्हणतं रोज पन्नास मिनिटं उशीर, आबांच्या हिशोबात पंचेचाळीस, अंदाजाला पुरतं. अवस-पुनवेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, कारण चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती, कारण ते काटकोनात असतात. लेकीने आठ दिवस जेटीवर जाऊन वेळा लिहून काढल्या.

आता ते पान.

तालुक्याच्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स सगळ्या पोरांकडे होत्या, त्यात लिहिलेलं, प्रावरण (वरचं भूकवच आणि मधला गाभा यांच्यामधला जाड थर) द्रवरूप आहे आणि त्यावर भूपट्ट तरंगतात. लेकीने तसंच काढलं, प्रावरण भडक केशरी, त्यात गोल फिरणारे बाण, बाजूला शब्द लिहिला द्रवरूप. वही परत आली ती प्रावरणाभोवती एक मोठा लाल गोल आणि खाली 'पुन्हा'. बस एवढंच. काय चुकलं, एक शब्द नाही.

आम्हाला वाटलं माप चुकलं. नोट्समध्ये भूकवच बोटाएवढं जाड दाखवलेलं, म्हणून ५०० किमीला १ सेंटिमीटर धरून परत काढलं. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी म्हणजे पावणेतेरा सेंटिमीटर, प्रावरण साधारण २९०० किमी खोलीपर्यंत म्हणजे पावणेसहा सेंटिमीटरच्या वर, आणि आपण ज्याच्यावर राहतो ते भूकवच, जमिनीखाली सरासरी ३५ किमी धरलं, तर मिलिमीटरसुद्धा नाही, पेन्सिलीची एक रेघ! मी ती रेघ बघत किती वेळ बसले, घर, विहीर, सह्याद्री सगळं त्या रेघेत. वीस किलोमीटर एसटीने वही घेऊन गेलो. सर एनएसएस कॅम्पला. पुढच्या आठवड्यात गेलो, वही ठेवून घेतली, दहा दिवसांनी परत आली, तोच लाल गोल. मग वाटलं बाण चुकले, ते उलटे काढले, जे मुळात बरोबर होते. मग रंग बदलला. शिपाई म्हणायचा, ताई उद्या या. उद्या म्हणजे परत निम्मा दिवस आणि भाडं. जानेवारी संपत आला, पोरगी रात्री रडायला लागली.

शेवटी मी स्टँडवर सरांना गाठलं. एका पायरीवर पाय ठेवूनच म्हणाले, "दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून जातात. मग?" आणि गाडी गेली. दुय्यम लहरी म्हणजे भूकंपाच्या लहरींचा एक प्रकार. मला राग आला तो याचा. हे वाक्य वहीत लिहायला दहा सेकंद लागली असती.

पण त्या "मग?"ने आम्हाला खरं शिकवलं, हेही सांगते. घरी आल्यावर सासूबाईंनी कोयनेचा भूकंप सांगितला, ११ डिसेंबर १९६७, पहाटे, त्या तेव्हा खेडला माहेरी होत्या, शाळकरी. आधी फळीवरची भांडी खणखणली, मग जरा थांबून घर आडवं झुलायला लागलं पाळण्यासारखं. लेक उडालीच, म्हणाली आजी, आधीची प्राथमिक आणि झुलवणारी दुय्यम! प्राथमिक लहर दाबत-ताणत जाते, ती पाण्यातूनही जाते. दुय्यम आडवी हलवत जाते. खुंटाला बांधलेला दोर हिसडला की लाट पुढे जाते कारण दोराचा एक भाग दुसऱ्याला आडवा ओढतो, पाण्याला तशी पकडच नसते. मोठ्या भूकंपाच्या दुय्यम लहरी प्रावरण पार करतात आणि २९०० किमीवर बाह्यगाभ्याशी, म्हणजे गाभ्याच्या बाहेरच्या थराशी, अडतात. म्हणजे बाह्यगाभा द्रव, आणि प्रावरण घन. खडक. नोट्समधला तो एक शब्द सपशेल चूक.

मग घन असून वाहतं कसं, यावर अजून तीन दिवस गेले. तोपर्यंत मी लेकीला पेजेचं टोप दाखवत होते, मधून कढ वर येतो, कडेने खाली जातो, तशी प्रावरणाची हालचाल. फिरणं बरोबर, पण पेज पातळ. उत्तर मिळालं ते बोटीच्या कामाच्या डांबरात. पहाटेच्या गारव्यात कडक ढेकळावर हातोडी मारली तर काचेसारखा तुकडा उडाला. तेच ढेकूळ पडवीत फळीवर ठेवलं आणि तीन दिवसांनी त्याची खालची कड फळीवर पसरलेली, लेकीने आधी पेन्सिलने रेघ मारून ठेवलेली तिच्या बाहेर आलेलं. डांबर आणि खडक एक नव्हेत, पण झटक्याला कडक आणि सावकाश दाबाला मऊ, हे डोळ्यांनी दिसलं. भूकंपाची लहर म्हणजे हातोडी, आणि तप्त खडकाचं वर्षाला काही सेंटिमीटर सरकणं म्हणजे फळीवरचं ढेकूळ. आपला भूपट्ट उत्तरेकडे वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर जातो. आणि भूपट्ट प्रवाहावर नुसता वाहत नाही, त्याची थंड, जड झालेली कड खाली बुडते आणि मागच्याला ओढते, हा ओढा सगळ्यात मोठा समजतात.

वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाची गोष्ट लेकीने त्याच रात्री लिहिली. १९१२ साली तो म्हणाला खंड सरकलेत, पण कशाने सरकले हे त्याला नीट सांगता आलं नाही, लोकांनी मानलं नाही आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला. आर्थर होम्स या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकाच्या शेवटी प्रावरणातले अभिसरण प्रवाह, म्हणजे पेजेच्या कढासारखं वर-खाली फिरणं, सुचवले, तरी सगळ्यांना पटायला १९६०चं दशक उजाडलं. हे लिहिताना तिचा चेहरा मला अजून आठवतो.

पाचव्या वेळी वही दिली. प्रावरणात लिहिलं 'घन, पण अतिशय सावकाश वाहणारं' आणि खाली दुय्यम लहरींचा पुरावा दोन ओळींत. सरांनी उभ्याउभ्या सही केली.

तोंडीला विचारलं, मग शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, येतो कुठून? लेक म्हणाली, समुद्रातल्या कण्यांखाली, म्हणजे तळावरच्या लांब डोंगररांगांखाली, खडक वर येतो, दाब कमी होतो आणि थोडासा वितळतो, आणि जिथे भूपट्ट खाली बुडतो तिथे पाण्यामुळे वितळणबिंदू उतरतो. २०पैकी १९! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी तर दहावीनंतर पुस्तक उघडलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं, त्याच नोट्समध्ये उन्हवऱ्याच्या गरम कुंडाखाली लाव्हा आहे असंही आहे. तेही चूक. पाणी भेगांतून खोल जातं, खाली दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापमान वाढतं, तिथे तापून वर येतं. लाव्हा इथे सांडला तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आमच्या विहिरीत वर जांभा आणि खाली काळवत्री दिसतो, तो काळवत्री म्हणजेच तेव्हाचा लाव्हा आणि जांभा त्याचाच ऊन-पावसाने कुजून झालेला. विहिरीचा फोटो वहीत लावा.

वही देताना आकृती पेन्सिलीत ठेवा, शाई सही झाल्यावर. लाल गोल आला तर त्याच दिवशी शिक्षकांना गाठून विचारा काय चुकलं, घरी अंदाज बांधत बसू नका. आणि सही झालेल्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा, आमच्या शेजारच्या मुलीची वही ऑफिसात गहाळ झाली तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.