लोखंडी त्सर्वुली, नोंद 3: पत्र्याला चुण्या पडत नाहीत

कुठवर आलंय: बल्गेरियन लोककथेतली लोखंडी पायताणं, म्हणजे त्सर्वुली, आम्ही बनवतोय. कातड्याची नमुना जोडी झाली, लोखंडाचा डावा पाय झाला, उजव्याचं टोक बाकी आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. बल्गेरियन कथेतला नवरा दिवसा साप, रात्री माणूस. त्याची कात वेळेआधी जाळली जाते, तो नाहीसा होतो. मग बायको लोखंडी त्सर्वुली घालून, लोखंडी काठी टेकत, दोन्ही झिजेपर्यंत चालली तरच तो सापडणार. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (ए.टी.यू.) हा कथाप्रकार 425, झिजेपर्यंत चालण्याचा कल्पनाबंध स्टिथ थॉम्पसनच्या लोककथांच्या कल्पनाबंध-सूचीत एच 1125.

लोखंड म्हणजे निर्धार, असा अर्थ सगळेच लावतात. आम्हाला तो अपुरा वाटतो. ससाणा होणाऱ्या फिनिस्तच्या रशियन कथेत लोखंडी बश्माक (बूट) आहेत, रुमानियन कथेत लोखंडी ओपिंच (कातडी पायताणं), इथे त्सर्वुली. जो तो आपल्याच पायातलं पायताण लोखंडाचं करतो. त्सर्वुल म्हणजे डुकराच्या किंवा गुराच्या कच्च्या कातड्याचा एकच तुकडा. वेगळा तळ नाही, टाच नाही, त्यामुळे भराभर झिजतो. झिजणं हे त्याचं रोजचंच. तोच लोखंडाचा केला की वर्षं मोजायचं माप हाती येतं. हेलपाट्यांनी चपला झिजल्या असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.

कातडं: 25 सेंमी पावलासाठी 32 × 20 सेंमीचा तुकडा, रात्रभर भिजवलेला. कडेपासून 1 सेंमी आत चिरा द्या, वादी ओवा, पुढे चुण्या घेऊन टोक काढा. ओलं असताना घट्ट ओढलं तर वाळल्यावर आकसून पायात शिरत नाही. आत चिंध्या कोंबून सावलीत वाळवा. बांधायला शेळीच्या केसांची दोरी, पोटरीला लोकरी पट्ट्या.

पत्रा: त्याच मापाचा, 20 गेज, म्हणजे सुमारे 0.9 मिमी. कापण्याआधी एका पायाचं वजन 450 ग्रॅम. याहून जाड, 18 गेज घेतला तर 600. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको, तापवल्यावर त्याचा धूर विषारी. खरी अडचण टोकाची. कातडं गोळा होतं, पत्रा होत नाही. ठोकून चुण्या पाडायला गेलं की घडीवर चिरतो. म्हणून पुढच्या कडेला चार त्रिकोणी खाचा घ्या. प्रत्येक खाच जिथे संपणार तिथे आधी 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर चीर तिथूनच पुढे पळते. टोक लाल होईपर्यंत तापवून सावकाश गार होऊ द्या, मग पाकळ्या एकमेकींवर चढवून 3 मिमीचे रिवेट मारा. दोरीची भोकं 5 मिमीची. आतून-बाहेरून कानस फिरवली नाही तर दोरी आठवड्यात तुटेल.

एक गोष्ट आम्हाला सोडवत नाही. 25 मार्चच्या ब्लागोवेत्स सणाला आणि 1 मे रोजी, येरेमिया संदेष्ट्याच्या दिवशी, बल्गेरियात चिमटे, तवे, भांडी वाजवून साप पळवतात. लोखंडाच्या आवाजाने साप जातो, आणि कथेतली बायको सापालाच परत आणायला पायात लोखंड घालून निघते. दोन्हींचा थेट संबंध कुठे लिहिलेला आहे असं नाही, हे आमचं वाचन. पण दगडावर डावा पाय आपटून बघा, आवाज तव्याचाच येतो.

झीज दाखवताना ड्रिलने गोल भोक पाडू नका, खोटं दिसतं. टाचेखाली आणि चवड्याखाली बाहेरून कानशीने घासत जा. कड कागदासारखी पातळ होऊन आपोआप फाटली पाहिजे.

काठीला 12 मिमीचा गज, 1.2 मीटर, वजन एक किलोच्या थोडं वर. खालचं टोक तिरकं घासा, कारण चालताना काठी कधी सरळ टेकत नाही.