नाराजी मोजताना : प्रबंधाचा माझा अनुभव

किशोरवयीन मुली आपल्या शरीराविषयी किती असमाधानी असतात, हा विषय मी प्रबंधासाठी घेतला, तेव्हा ‘मोजपट्ट्या तयारच आहेत, भरून घ्या आणि आकडे मांडा’ असा सल्ला बऱ्याच जणांकडून मिळाला. मोजपट्ट्या तयार आहेत हे खरंच. सगळ्यात सोपी म्हणजे स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांची १९८३ची आकृत्यांची पट्टी. अगदी कृश ते अगदी स्थूल अशा नऊ आकृत्या. ‘मी आत्ता अशी आहे’ आणि ‘मला असं व्हायला आवडेल’ म्हणून मुलीने दोन निवडायच्या. दोन क्रमांकांतला फरक म्हणजे तिचं असमाधान.

जोडीला एक प्रश्नावली हवी होती. १९८७ची ३४ प्रश्नांची ‘बॉडी शेप क्वेश्चनेअर’ खूप वापरली जाते, पण बारीक वाटावं म्हणून उलटी काढली का, जुलाबाचं औषध घेतलं का, असे प्रश्न त्यात आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे विचारायला माझं मन धजेना. जे तिच्या डोक्यातही नव्हतं, ते माझ्या कागदामुळे यायला नको. मार्गदर्शक बाईंनाही ते पटलं. शेवटी मेंडेलसन यांची २००१ची २३ विधानांची ‘बॉडी एस्टीम स्केल’ घेतली. दिसणं, वजन आणि ‘लोकांना मी कशी वाटते’ असे तिचे तीन वेगळे भाग आहेत. त्यातला तिसरा भाग या वयात फार बोलका ठरतो.

नैतिकता समितीची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, सगळं रीतसर झालं. मुलीचा स्वतःचा होकारही वेगळा घ्यावा लागतो आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आई-वडिलांनी सही केली म्हणून मुलीने आपल्या शरीराबद्दल परक्या बाईला सांगावंच, असं थोडंच आहे!

उंची आणि वजन मात्र प्रश्नावली भरून झाल्यावरच घेतलं. काट्यावरून उतरलेली मुलगी पुढच्या दहा मिनिटांत जी उत्तरं देईल, ती तिची नेहमीची नसतील. आडोशाला एकेकीला बोलवायचं, काट्याकडे पाठ करून उभं करायचं, आकडा मोठ्याने वाचायचा नाही. मागच्या बाकावरून ‘किती गं?’ असं कुणी विचारलंच, तर ते तिथेच थांबवायचं.

खरं काम तक्ता भरताना सुरू झालं. समजा, एकीने आत्ताची आकृती सहावी आणि हवीशी चौथी निवडली, तर फरक अधिक दोन. दुसरीने आत्ताची दुसरी आणि हवीशी चौथी निवडली, तर उणे दोन. दोघींची सरासरी शून्य! म्हणजे दोन नाराज मुली मिळून कागदावर एक समाधानी गट तयार होतो. ‘किती काटकुळी’ हे ऐकून कंटाळलेली मुलगी अशा सरासरीत साफ पुसली जाते. म्हणून बारीक व्हायचं असलेल्या, भरायचं असलेल्या आणि शून्य फरकाच्या असे तीन गट मी वेगळे मांडले. एकूण तीव्रतेसाठी चिन्ह सोडून फक्त अंतर धरलं.

शून्य फरकाच्या मुलींनी मला सर्वांत जास्त विचारात पाडलं. शेवटी एक मोकळी ओळ ठेवली होती : ‘स्वतःतलं काही बदलावंसं वाटतं का?’ तिथे मुरुमं, ओठावरची लव, उंची, त्वचेचा रंग, छातीचा आकार असं कायकाय लिहिलेलं होतं. यातलं बरंचसं नऊ आकृत्यांत मावतच नाही. पट्टी जाडी मोजते आणि आपण तिला समाधान म्हणून मोकळे होतो. नुसत्या आकृत्यांवर काढलेले निष्कर्ष वाचताना मी आता जास्त सावध असते.

एक अडचण उरतेच. कागदावर नाव नसेल तर मुली खरं लिहितात, पण मग एखादीने फार त्रासाचं लिहिलं तर तिला शोधणार कसं? आम्ही कागदावर फक्त क्रमांक ठेवला. नावांची यादी समुपदेशक बाईंकडे बंद राहिली, आणि कोणत्या वेळी ती उघडली जाईल, हे मुलींना सुरुवातीलाच सांगितलं. त्यामुळे काहींनी हात राखून लिहिलं असेल. तरी पुढच्या कामातही मी हीच पद्धत ठेवणार आहे.