बिग मफ घरी बांधताना: जाडपणा गेनमध्ये नसतो

आधी कुठला फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाडून जाड करणारं पेडल) हे ठरवा, मग सोल्डरिंग आयर्न तापवा. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटरने काढलेला फझ फेस दोन ट्रान्झिस्टरचा. गिटारचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की तो स्वच्छ होतो, म्हणून बोटांवर ताबा असणाऱ्यांना आवडतो. पण त्याच्या आधी बफरवाला (सिग्नलला जोर देणारा) ट्यूनर आला की आवाज चिरका होतो. सुपर-फझच्या जातीचे पेडल वरचा सप्तक मिसळतात. एकेका नोटेला मजा येते, कॉर्डला कचरा होतो. खालच्या ट्यूनिंगमध्ये भिंत उभी करायची असेल, नोट लांब धरायची असेल, तर बिग मफ. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं हे १९६९ चं सर्किट चार ट्रान्झिस्टरचं आहे, दुर्मिळ भाग काही लागत नाहीत आणि आधी कुठलं पेडल आहे याची ते फारशी पर्वा करत नाही.

फझवर पॉवर कॉर्डच (मूळ स्वर आणि त्याचा पंचम, एवढाच) का वाजतो? मोकळी ए तार ११० हर्ट्झ, तिचा पंचम १६५. क्लिपिंगमध्ये (सिग्नलची टोकं कापली जाताना) दोन्हींची वजाबाकीही ऐकू येते, ५५ हर्ट्झ, म्हणजे मूळ स्वराचाच खालचा सप्तक. म्हणून दोन तारा चार तारांएवढ्या भरतात. त्यात मेजर तिसरा स्वर घातला की गडबड होते. फ्रेटवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, त्यामुळे एक वजाबाकी साडेअठ्ठावीस हर्ट्झच्या आसपास येते आणि दुसरी सव्वीसच्या. दोन्ही एकमेकांवर घासतात. तो चिखल पेडलचा दोष नव्हे, बदलून फायदा नाही.

आता सर्किट. कलेक्टर, बेस, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय; के म्हणजे किलोओहम, एनएफ नॅनोफॅरड, पीएफ पिकोफॅरड. पहिले तीन टप्पे जवळजवळ सारखे: कलेक्टरला १२के, एमिटरला ३९० ओहम, बेसपासून ग्राउंडला १००के, कलेक्टर ते बेस ४७०के आणि त्याला समांतर ४७० पीएफ. पहिल्याच्या तोंडाशी १०० एनएफ आणि ३९के. मग सस्टेनचा १००के पॉट (फिरवायचा रेझिस्टर), त्याच्या खालच्या पायाला १के. दुसऱ्या-तिसऱ्याच्या तोंडाशी १०० एनएफ आणि १०के, शिवाय कलेक्टर ते बेस एकमेकांना उलटे जोडलेले दोन १एन४१४८ डायोड, त्यांच्याशी सिरीजमध्ये ४७ एनएफ. नंतर टोन, आणि शेवटचा टप्पा: बेसला वरून ३९०के व खालून १००के, कलेक्टरला १०के, एमिटरला २.२के. तिथून १०० एनएफमधून १००के लॉग व्हॉल्यूम पॉटवर.

सगळं मर्म टोनमध्ये आहे. तिसऱ्या कलेक्टरपासून दोन वाटा फुटतात. एक २२के मधून १० एनएफने ग्राउंडला: हा खर्ज, साधारण ७२० हर्ट्झपर्यंत. दुसरी ३.९ एनएफ मधून २२के ने ग्राउंडला: ही धार, साधारण १,८५० च्या वर. टोन पॉट (१००के लीनियर) या दोन जोडांच्या मध्ये बसतो आणि मधला पाय १०० एनएफमधून शेवटच्या बेसला जातो. दोन आकड्यांमधला खड्डा म्हणजे गेलेले मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी). बऱ्याच जुन्या मफमध्ये पहिला रेझिस्टर ३९के असतो, मग खर्ज ४०८ हर्ट्झलाच उतरू लागतो आणि खड्डा आणखी खोल होतो. खोलीत एकट्याने वाजवताना तो आवाज राजेशाही वाटतो. प्रॅक्टिसला बास आणि सिंबल आले की गिटार गायब! मग लोक सस्टेन वाढवतात, जास्त गेनचे (सिग्नल जास्त वाढवणारे) ट्रान्झिस्टर शोधतात, आणि गिटार आणखीच बुडते. त्याऐवजी ३.९ एनएफ काढून १० एनएफ लावा. दोन्ही कोपरे ७२० वर येतात आणि खड्डा बुजतो. एक छोटा टॉगल स्विच लावून दोन्ही कपॅसिटर ठेवले तर घर आणि बँड दोन्हीकडची सोय होते.

खालच्या ट्यूनिंगसाठी कपलिंगला (टप्पे जोडणाऱ्या कपॅसिटरना) सगळीकडे १ मायक्रोफॅरड घालायचा मोहही टाळा. खर्ज आधी क्लिप झाला की बाकीचं सगळं त्याच्या मागे फरपटतं आणि पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवणं) फसफसतं. १०० एनएफ पुरे.

भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. नुसतं "१०० एनएफ" म्हटलं तर काउंटरवरचा माणूस बघत राहू शकतो. "पॉइंट वन" किंवा "एकशे चार नंबर" म्हणा. १० एनएफ म्हणजे १०३, ४७ एनएफ म्हणजे ४७३, ४७० पीएफ म्हणजे ४७१. शेवटचा सिरॅमिक चालतो, बाकीचे बॉक्स किंवा मायलर घ्या. भाग बसवायचा भोकाभोकांचा बोर्ड "झीरो पीसीबी" म्हणून मागा. ट्रान्झिस्टर बीसी५४९सी, न मिळाल्यास बीसी५४७बी ने काही बिघडत नाही. गेन फीडबॅकने ठरतो, त्यामुळे एचएफईच्या (ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या गेनच्या आकड्याच्या) मागे लागू नका.

इथेच सर्वाधिक पेडल मरतात: बहुतेक मफच्या नकाशांत २एन५०८८ दाखवलेला असतो. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर त्याचे पाय डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर. बीसी५४९ चे नेमके उलटे. नकाशातल्या चित्राप्रमाणे बसवला की आवाज येतो, पण खोकल्यासारखा. अर्धा फेरा फिरवून बसवा.

गिटार जोडण्याआधी मीटर लावा. ९ व्होल्टवर पहिल्या तीन कलेक्टरांना साडेचार ते पाच व्होल्ट, बेसला ०.७ ते ०.८, शेवटच्या कलेक्टरला चारच्या आसपास, एमिटरला एक-सव्वा. दुसरा किंवा तिसरा कलेक्टर दीड व्होल्टच्या आत अडकला असेल तर ४७ एनएफ शॉर्ट आहे किंवा लावायचा राहिला आणि डायोड थेट जोडले गेले. कलेक्टरला पूर्ण ९ दिसले तर एमिटर ग्राउंडला पोचलेला नाही किंवा बेसला व्होल्टेज नाही. व्होल्टेज बरोबर पण आवाज नाही? अँपच्या केबलच्या टोकाला १०० एनएफ लावून, व्हॉल्यूम कमी ठेवून, एकेका कलेक्टरला टेकवत जा. आवाज जिथे तुटतो तिथे चूक.

पॉवरला सिरीजमध्ये १एन५८१७ डायोड आणि त्यानंतर १०० मायक्रोफॅरड. पॉवर जॅकचा मधला पिन निगेटिव्ह. एलईडी धरून सगळं मिळून पाच मिलिअँपच्या आत भागतं, त्यामुळे बॅटरीही टिकते. स्वस्त मोबाइलछाप अडॅप्टर मात्र मफमधून शिट्टी वाजवतो; बॅटरी लावून शिट्टी गेली तर सर्किटला हात लावू नका.

सस्टेन पूर्ण केल्यावर किंचाळत असेल तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना खेटल्या आहेत. इनपुटला शील्डेड वायर घाला, आणि फूटस्विच असा जोडा की बायपासमध्ये (पेडल बंद असताना) सर्किटचं इनपुट ग्राउंड होईल. मधूनच आकाशवाणी लागली तर पहिल्या बेसपासून ग्राउंडला १०० पीएफ.

डबा १२५बी मापाचा. तीन १६ मिमीचे पॉट एका ओळीत बसतात. पॉटला ७ मिमी, जॅकला १० आणि फूटस्विचला १२ मिमी भोक. आधी ३ मिमीने पाडा, नाहीतर बिट सरकतो. पॉटच्या अंगावरची छोटी दांडी (फिरवायची नव्हे) पक्कडने मोडा. रंगवलेल्या डब्यात जॅकभोवती आतून रंग खरवडा, नाहीतर डबा ग्राउंडच होत नाही. पॉटच्या पाठीला इन्सुलेशन टेप लावा. झाकण घट्ट केल्यावरच पेडल बंद पडत असेल तर बोर्ड तिथेच टेकतोय. फूटस्विचच्या एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ आयर्न ठेवू नका. आतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि दोन-चारशे रुपयांचा स्विच एका बाजूला अडकून बसतो.