स्लॅब टाकण्याआधी उन्हाचा हिशेब

अकोल्यात घर बांधायला काढलं की लोक बोअर, पार्किंग, देवघर सगळं विचारतात. उन्हाचं कुणी काढत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एसी बसवायचा आणि बिल भरायचं, एवढाच त्यावरचा विचार.

मी माझं घर बांधताना हा हिशेब आधी केला. फुकटातली कामं नकाशावरच झाली. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. पश्चिमेचं चार-पाच वाजताचं ऊन मात्र तिरपं, थेट छज्ज्याखालून आत येतं. म्हणून जिना, बाथरूम आणि अडगळीची खोली पश्चिमेला ढकलली. वास्तूलाही जिना तिकडे चालतो, त्यामुळे घरात वाद झाला नाही!

पश्चिमेची भिंत मी रॅट-ट्रॅप पद्धतीने बांधायची ठरवली. यात विटा उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते आणि विटाही साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. आमच्या मिस्त्रींचा विश्वास बसेना. "भाऊ, पोकळ भिंत टिकन का?" काळ्या मातीमुळे घर कॉलम-बीमवर उभं आहे, भिंतीवर भार नाही, हे समजावल्यावर ते तयार झाले. वायरिंगचे पाइप मात्र बांधतानाच आत घ्यावे लागतात. नंतर भिंत फोडली की पोकळी उघडी पडते.

खरी लढाई छताची. वरच्या मजल्यावर सर्वात जास्त उष्णता स्लॅबमधूनच उतरते. इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्र सरकारच्या नियमावलीत, छताचं यू-मूल्य १.२ च्या आत ठेवायला सांगितलं आहे. यू-मूल्य म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं. नुसता काँक्रीटचा स्लॅब त्याच्या दुपटीहून वर असतो. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम), मग उतार देऊन काँक्रीटचा कोबा आणि शेवटी पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, असा थर ठरला. बोर्ड नागपूरहून मागवले. गावातल्या दुकानदाराने थर्माकोल गळ्यात मारायचा प्रयत्न केला, पण पायाखाली दबणारी वस्तू गच्चीवर कशाला? या थरांनी गच्चीची पातळी वर येते, म्हणून पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्चीच्या दाराचा उंबरा आधीच वाढवून घेतला. ही सूचना मला कुणी दिली नव्हती, ड्रॉइंगवर उंची मोजताना सुचली.

कूलरसाठीही जागा ठरवली. विदर्भात कूलर सगळेच लावतात, पण आत आलेली हवा बाहेर जायला समोर खिडकी नसेल तर खोली नुसती दमट होते. प्रत्येक बेडरूमला समोरासमोर खिडक्या दिल्या आणि कूलर सावलीच्या उत्तर बाजूला ठेवला. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले. जुना पंखा ७५ वॅट खातो, हे तिशीच्या आसपास.

पहिल्या उन्हाळ्यात वरच्या खोल्या थंडगार नव्हत्या, पण छताला हात लावला तर चटका बसत नव्हता. कूलरवर झोप लागायची. जून उजाडून हवेत दमटपणा आला तसा कूलर निकामी झाला, त्याला इलाज नाही. सोलरच्या केबलचा पाइप जिन्यालगत तेव्हाच टाकून ठेवला होता. आता छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी अर्ज करतोय, ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल पश्चिमेकडच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीबाहेर कसे बसतील, एवढंच बघायचं राहिलंय.