गुहागरचा मुक्काम

सातारच्या माणसाला पाऊस नवा नसतो, पण आमचा पाऊस आकड्यांतला असतो. जून उजाडला की सकाळी पेपर उघडून कोयना धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले हे आधी पाहायचे आणि मग चहाला हात लावायचा, ही आमच्या घरातली वडिलांपासूनची रीत आहे. महाबळेश्वरी धो धो कोसळतो आहे आणि माण-खटावात टँकर चालू आहेत, या दोन्ही बातम्या एकाच पानावर वाचण्याची सवय झाल्यामुळे पावसाकडे आम्ही हिशेबनिसाच्या नजरेने पाहतो. हा हिशेब गेल्या वर्षी, मृग लागला त्याच आठवड्यात, गुहागरच्या एका पडवीत पार विसकटला.

आम्ही तिघे सायकलवर निघालो होतो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण करीत दीडशेहून अधिक किलोमीटरचा पल्ला दोन दिवसांत गाठायचा आणि तिसऱ्या दिवशी समुद्रात पाय बुडवून माघारी फिरायचे, असा साधा बेत होता. घाटात धुके लागले, पोफळी गावाच्या खाली पाऊस लागला, आणि गुहागरात शिरलो तेव्हा अंगावरचे रेनकोट केवळ शोभेला उरले होते. व्याडेश्वराच्या देवळापासून जवळच एका घरगुती खानावळीत जागा मिळाली आणि तिथे जे अडकलो ते पुरते दोन दिवस.

गुहागर म्हणजे लांबलचक एकच रस्ता, त्याच्या कडेने घरे आणि घरामागे थेट वाळूपर्यंत गेलेली नारळ-पोफळींची वाडी. त्यामुळे समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पण कौलांवरचा पाऊस आणि वाडीपलीकडची गाज यांतला कोणता आवाज कुठला हे पहिल्या रात्री आम्हांला शेवटपर्यंत उमगले नाही. पावसाने दम घेतला तेव्हा वाडीतून किनाऱ्यावर जाऊन आलो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्याने होड्या वर ओढून झापांखाली झाकून ठेवल्या होत्या, आणि समुद्राला गढूळ चहाचा रंग आला होता. पाय बुडवण्याची इच्छा कोणी बोलून दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतल्या सायकलीकडे पाहिले तर चेनवर तांबूस पूड बसलेली. तेलाची बाटली घाटात कुठेतरी पिशवीतच सांडून गेली होती. खानावळीच्या काकूंनी माझा चेहरा पाहिला, आत गेल्या आणि वाटीभर खोबरेल व एक जुने धोतराचे फडके घेऊन आल्या. “खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही हो, आमच्या विळ्या-कोयत्यांनाही हेच लावतो,” असे त्यांनी सांगितले. सातारच्या आमच्या सायकलवाल्याची आठवण होऊन मी जरा कचरलो, पण दुसरा उपाय नव्हता. दात घासायच्या ब्रशने शंभराहून अधिक कड्या एकेक करून खरवडायच्या, पुसायच्या आणि बोटाने तेल जिरवायचे, यात सगळी सकाळ गेली. तासाला किती किलोमीटर पडले हे मोजणाऱ्या माणसाने एका जागी बसून तासाला तीस कड्या मोजाव्यात, हे मला स्वतःलाच हसू आणणारे वाटले. दुपारी मऊ भात, कुळथाचे पिठले आणि कोकमाचे सार होते. बदल्यात आम्ही कंदी पेढ्यांचा पुडा काढला.

काका पेढा खातखात म्हणाले, “तुम्ही सातारकर आमच्याकडे पाणी सोडता आणि वर त्याचा हिशेबही ठेवता.” बोलणे खरे होते. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना समुद्राच्या एवढ्या जवळ जन्मूनही त्याच्याकडे पाठ फिरवते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. मात्र तिच्यातले वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरवले जाते आणि वीज करून झाल्यावर कोकणातल्या वाशिष्ठी नदीत जाते. जन्मभर पेपरात एका ओळीत वाचलेला तो पश्चिमेचा आकडा आमच्याच वाटेने घाट उतरून आला होता, फक्त त्याला दम लागला नव्हता.

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळताच, परतीच्या वाटेवर नसलेल्या अंजनवेलला आम्ही मुद्दाम गेलो. गोपाळगडाच्या बाजूने वाशिष्ठीची खाडी समुद्रात शिरताना दिसते. पाणी तांबडे होते, पलीकडचे दाभोळ पावसात अर्धे पुसले गेले होते, आणि त्यात कोयनेचे कोणते नि चिपळूणच्या डोंगरांचे कोणते हे ओळखण्याची सोय अर्थातच नव्हती. तरी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. वडिलांचा फोन आला, तिकडे किती पडला म्हणून. मी “पुष्कळ” म्हणालो आणि ते उत्तर त्यांना मुळीच पटले नाही.

कुंभार्ली चढताना चेनने कुरकुर केली नाही. साताऱ्यात आल्यावर सायकल दुकानात नेली. सायकलवाल्याने काळ्या पडलेल्या चेनवरून बोट फिरवले, ते नाकाशी नेले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता रॉकेलचा डबा पुढे ओढला.