'लव' सुटली, 'लवदार' अडले

कापडाविषयीचा एकेक शब्द मी एकेका कार्डावर नोंदवतो; त्या कार्डांपैकी तीन महिने कोरे राहिलेले 'लव' (कापडावरचे मऊ, बारीक केसांसारखे तंतू) हे कार्ड काल भरले. मात्र त्यासाठी मागील नोंदीतील माझे एक विधान मागे घ्यावे लागत आहे. संस्कृतात 'लव' या शब्दाचा एक अर्थ कातरलेली लोकर असा आहे, आणि मखमलीतील धाग्यांचे फासेही (वेढेही) कापले जातात, म्हणून मराठी 'लव' तिथूनच आली असे मी उत्साहाने लिहून टाकले होते. परंतु 'नाम'चे 'नाव' आणि 'ग्राम'चे 'गाव' ज्या वाटेने झाले, त्याच वाटेने 'लोम'ची 'लव' होते. जुन्या लेखनातील 'लंव'वरचा अनुस्वार ही त्या गेलेल्या मकाराची खूण, आणि ती इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती.

खरा पेच वापराचा आहे. फ्लॅनेलच्या कार्डावर 'लवदार' आणि मखमलीच्या कार्डावरही 'लवदार', असे लिहून पाहिले, तर दोन्ही कार्डे निरुपयोगी झाली. फ्लॅनेलची लव कापड विणून झाल्यावर तारेच्या दातांनी पृष्ठभाग खरवडून उठवलेली असते. मखमलीची लव मात्र जादा ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) फासे विणतानाच उभे करून, मग कापून तयार होते. शब्दकोशांनी येथे काहीच मदत केली नाही, कारण 'लवदार म्हणजे केसाळ' आणि 'केसाळ म्हणजे लवदार' यापलीकडे ते जात नाहीत. मला तर हे समानार्थी वाटतच नाहीत: केसाळ म्हटले की केस सुटे दिसले पाहिजेत, लव डोळ्यांआधी हाताला कळते.

तूर्त 'उठवलेली लव' आणि 'विणलेली लव' अशी दोन कार्डे केली आहेत. गंमत म्हणजे अरबीत 'खम्ल' म्हणजेच लव, आणि 'मखमल' त्यातूनच आलेली; तेव्हा 'लवदार मखमल' ही द्विरुक्तीच झाली.

हे लिहीत असतानाच टेरीचा टॉवेल आठवला. त्याचे फासे विणलेले असतात, पण कापलेले नसतात; म्हणजे दुसऱ्या कार्डाचेही दोन भाग करावे लागतील. त्यामुळे पुढील आठवड्यात ठरवलेले 'बनात' (जाड लोकरी कापड) हे कार्ड मागे ठेवून आधी 'फासा' घेतो.